राजमा कोणी भिजवला?

टण्ण!

रविवारची सकाळ होती आणि घर अजून पांघरुणातच होतं. भिंगरीची आई स्वयंपाकघरात स्टुलावर पाय दुमडून बसली होती, दोन्ही तळव्यांत बिनदुधाच्या चहाचा कप. आठवडाभर ती याच घोटासाठी जगायची. कोणी हाक मारत नाही, कोणी काही मागत नाही, नळसुद्धा शहाण्यासारखा गप्प. अशा त्या शांततेत ती चहा जिभेवर फिरवत होती आणि तेवढ्यात कुठेतरी एक झाकण पडलं.

तिने श्वास रोखला. चार वर्षांच्या पोरीच्या आईला घरातला आवाज न् आवाज ओळखू येतो. भिंगरी पलंगावरून पडली तर धप्प. नवऱ्याच्या हातून पाना निसटला तर खडाक्. आजोबांची कवळी पेल्यात गेली तर डुबुक. हा आवाज झाकणाचा होता, यात शंकाच नव्हती. पण झाकण काही आपल्या मनाने उडी मारत नाही.

"मांजर," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिला आठवलं, आपल्याकडे मांजर नाही.

तिने पहिल्यांदा ओट्याकडे पाहिलं. तिचं पातेलं जागच्या जागी होतं. झाकणही जागच्या जागी होतं आणि झाकणावर तिने मुद्दाम ठेवलेला बत्ताही होता, राजवाड्याच्या दारावरच्या पहारेकऱ्यासारखा. तिचा जीव भांड्यात पडला. त्या भांड्यात आज तिचा जीवच होता म्हणा ना. त्यात काल संध्याकाळी तिने राजमा भिजत घातला होता आणि त्या राजम्यावर तिचं स्वयंपाकघर टिकायचं की जायचं, ते ठरणार होतं.

त्याचं असं झालं. दोन महिन्यांपूर्वी आजोबांच्या छातीत कळ आली. भिंगरी बोलायला लागल्यापासून घरातले सगळेच सासूसासऱ्यांना आजी-आजोबा म्हणत, अगदी त्यांचा स्वतःचा मुलगासुद्धा. डॉक्टरीणबाईंनी आजोबांना तपासलं आणि एका वाक्यात निकाल दिला. "आजपासून ताटात फक्त उगवलेलं." आजोबा जन्मभर नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवत आलेले, हुज्जत घालायची सवय. "लोणी?" "झाडाला लागतं का?" "अंडं?" "झाडाला लागतं का?" "आणि मीठ? तेही कुठे झाडाला लागतं?" "अगदी बरोबर, आठवण करून दिलीत ते बरं झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मीठही निम्मं केलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

एकट्याला पथ्य म्हणजे शिक्षा, म्हणून अख्ख्या घराने तेच खायचं ठरवलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात आजी जिन्यात घसरली. पाय प्लास्टरमध्ये गेला, जीभ तेवढी मोकळी राहिली. पिढ्यान् पिढ्या नव्हे, पण निदान तीस-पस्तीस वर्षं जिथे आजीच्या परवानगीशिवाय चमचा हलला नव्हता, ते स्वयंपाकघर असं अचानक सुनेच्या हातात आलं.

लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, तरी आजवर तिला या घरात डबे कुठे ठेवायचे हे विचारावं लागायचं. आता ती स्वतः डबे मांडायला लागली. डाळी, कडधान्यं, भोपळे, पालेभाज्या, भाजलेले दाणे. साधंच सगळं, पण तिच्या हाताला चव होती, हे तिचं तिलाच नव्याने कळलं. पहिल्यांदा तिने भोपळ्याचं दाट सार केलं तेव्हा आजोबांनी वाटी बोटाने पुसून पुसून अशी चकचकीत केली की ती घासायला टाकावी की तशीच फडताळात ठेवावी, असा प्रश्न पडला. त्या दिवशी तिला वाटलं, आपण या घरात पाहुण्या नाही. राहायलाच आलोय.

एकच खोट होती. ती विसरायची. म्हणजे दुकानात नाही हं. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासायची आणि अर्ध्या गावाच्या डोळ्यांचे नंबर तिला तोंडपाठ होते. पण घराचा उंबरा ओलांडला की डोक्याची चाळण व्हायची. स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून ती तो घरभर शोधायची, आणि सापडत नाही म्हणून नीट दिसावं यासाठी आजीचा लावायची.

मागच्या रविवारी ती राजमा भिजवायलाच विसरली. दुपारी आठवलं. मग जाळ मोठा केला, सोडा टाकला, विनवण्या केल्या. राजमा ढिम्म. ताटात वाढला तेव्हा तो टकाटका वाजला. भिंगरीने एक दाणा चमच्याने उडवला, तो दिव्याच्या काचेवर आपटून तिच्याच ताटात परत आला. "आई, हा परत आला!" ती आनंदाने ओरडली. आजोबांनी मात्र सुनेचं मन राखायला हिय्या करून एक दाणा चावला. कडाक्! कवळीतल्या पुढच्या दाताने मान टाकली.

"झालं समाधान?" आजी म्हणाली. "आता पुढच्या रविवारी शेवटची संधी. राजमा मऊ झाला तर ठीक. नाही तर सोमवारपासून कोपऱ्यावरच्या बाईंचा डबा लावायचा. माझा शब्द आहे."

आजीचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आणि कोपऱ्यावरच्या बाईंचा डबा म्हणजे... त्या बाई पथ्याचं जेवण द्यायच्या हे खरं, पण त्यांची प्रत्येक भाजी एकाच रंगाची असायची, पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याच्या.

म्हणून काल तिने कमरेवर हात ठेवून सगळ्यांना बजावलं होतं. "राजमा मी भिजवणार. कोणी आठवण करून द्यायची नाही. कोणी हात लावायचा नाही. बघाच तुम्ही."

आणि भिजवला होता. तिला स्वच्छ आठवत होतं. पोतं उघडलं, राजमा मोजून पातेल्यात ओतला, झाकण ठेवलं, वर बत्ता.

ठण्ण... घर्रर्रर्र... टुण्!

हा दुसरा आवाज बाहेरच्या खोलीतून आला. चहा तिथेच टाकून ती धावली. एक झाकण जमिनीवर गोल गोल फिरून नुकतंच निपचित पडलं होतं. ते आजोबांच्या चषकाचं झाकण होतं. काचेच्या कपाटावर आजोबांचा एकुलता एक चषक असायचा, दोन कानांचा, चांगला हंड्याएवढा. तिने मान वर केली. चषकातून गच्च टम्म फुगलेला राजमा डोकावत होता, शेजारी भांडण लागलं की लोक बाल्कनीतून वाकून बघतात तसा. तिच्या डोळ्यांदेखत एक दाणा काठावर आला, डुलला आणि टप्पकन खाली पडला.

हे झाकण दुसरं. पहिलं कुठलं होतं? मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती स्वयंपाकघरात परतली, स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि भिंतीतल्या सगळ्यात वरच्या फळीवर हात घातला, जिथे घरात फक्त तिच्या उंच नवऱ्याचा हात पोचतो. तिथे मोठा कुकर होता. त्याचं झाकण फ्रिजच्या मागे पडलेलं. आणि कुकरमध्ये? हातच्या कांकणाला आरसा कशाला!

पोतं कोपऱ्यात होतं. डॉक्टरीणबाईंचं ऐकून आजोबांनी आणलेलं राजम्याचं पोतं काल सकाळी चांगलं पोट पुढे काढून उभं होतं. आता ते जमिनीवर असं सपाट लोळत होतं की त्यावर पाय पुसावेत.

या घरात शिट्टी फक्त आजोबा वाजवत. तलावावरची ती जुनी शिट्टी दाराच्या खिळ्याला टांगलेली असे आणि तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, हा नियम होता. भिंगरीच्या आईने शिट्टी काढली, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकली.

फुर्रर्रर्रर्र!

"सगळे पाण्याच्या बाहेर!" आजोबा झोपेतच ओरडत पलंगावरून उठले. नवरा एका हातात पांघरूण, दुसऱ्या हातात टॉर्च घेऊन आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्याला कुठलाही गोंधळ झाला की आधी टॉर्चच सुचायचा. भिंगरी स्वतःभोवती दोन गिरक्या घेत आली. तिचं नावच त्यावरून पडलेलं. सगळ्यात शेवटी आजी आली, चाकांच्या खुर्चीवर बसून, काठीने जमिनीवर वल्ही मारत. प्लास्टर झाल्यापासून ती घरात अशीच जहाज हाकायची.

"काय गं, आग लागली का?"

भिंगरीच्या आईने चषक आजोबांपुढे धरला. "हे काय आहे?"

आजोबांनी डोळे किलकिले केले. "चषक आहे. उलटं पोहण्यात पहिला नंबर."

"आत काय आहे?"

"आत... आठवणी आहेत."

"आजोबा!"

"राजमा," आजोबा शरमून म्हणाले.

"आणि हे?" तिने कुकर नवऱ्याच्या हातात दिला.

"अगं, मी म्हटलं, समजा तुझा थोडा कमी पडला तर... म्हणजे... उगाच आपला हाताशी असावा..." नवरा टॉर्च लावून कुकरच्या आत बघत राहिला, जणू उत्तर तिथे खाली कुठेतरी बुडालंय.

"लाज वाटायला पाहिजे दोघांना!" आजी कडाडली. तिने काठी आपटली. "पोरीने काल एवढं घसा फोडून सांगितलं, कोणी हात लावू नका म्हणून. घरच्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर ठेवायचा? मला विचाराल तर..."

टण्ण!

आवाज आजीच्या खोलीतून आला होता. अगदी नेमकं सांगायचं तर आजीच्या पलंगाखालून.

सगळे आजीकडे बघायला लागले. आजी छताकडे बघायला लागली.

"उंदीर असेल," ती म्हणाली.

"उंदराने झाकण ठेवलं होतं?" नवऱ्याने विचारलं.

"हल्लीचे उंदीर काय, काहीही करतात."

भिंगरी तोवर धावत जाऊन पलंगाखाली शिरली होती. तिथून तिचा घुमणारा आवाज आला. "आजीऽऽ! तुझा उंदीर खूऽऽप राजमा भिजवतो!" घरातलं सगळ्यात मोठं पातेलं तिथे होतं, पंचवीस माणसांचं. आजीच्या हाताला कमी माहीतच नव्हतं. राजमा झाकण ढकलून बाहेर आला होता आणि आता सावकाश, शिस्तीत, एकामागून एक दाणा चपलांच्या दिशेने निघाला होता. रात्री आजी त्या खुर्चीवरून पाण्याने भरलेलं पातेलं मांडीत घेऊन, काठीने वल्हवत, कोणाला चाहूल लागू न देता कशी गेली असेल, हे तीच जाणे. ताकाला जाऊन भांडं लपवतात म्हणतात. इथे तर ज्याने त्याने आपापलं भांडंच लपवलं होतं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. "हो... हो... कितव्या मजल्यावर? आत कोण आहे? कोणी नाही? सोफा? बरं, सोफ्याला म्हणावं घाबरू नकोस, आलोच." त्याला पळायला निमित्तच हवं होतं. त्याने दारामागचे रबरी बूट ओढले आणि घाईघाईने पाय घातला.

पच्चक्!

त्याने पाय बाहेर काढला. मोज्याला सात-आठ गुबगुबीत दाणे चिकटले होते.

"बाबा! माझा राजमा!" भिंगरी किंचाळली. "मी भिजवला होता! तू त्याला तुडवलंस!"

"बुटात?"

"मला भांडंच मिळालं नाही ना. सगळी भांडी कोणीतरी घेतली होती." हे मात्र खरं होतं. बिचारीच्या वाट्याला बूटच उरला होता.

आता मात्र भिंगरीच्या आईचा बांध फुटला. "म्हणजे तूसुद्धा! घरात एका माणसाचा, एका तरी माणसाचा माझ्यावर विश्वास असेल तर शपथ! मी इतकी का वाया गेलेय? दुकानात लोक माझ्या हातात डोळे देतात, डोळे! आणि इथे मूठभर राजमा द्यायला कोणी तयार नाही! चार वर्षांची पोर आईवर भरवसा ठेवत नाही, बुटावर ठेवते!" बोलता बोलता ती ओट्यापाशी पोचली होती. "या. या असे सगळे पुढे. काल मी सांगितलं होतं ना, मी भिजवणार म्हणून? हे बघा!"

तिने बत्ता बाजूला केला आणि जादूगाराने रुमाल काढावा तसं झाकण उचललं.

पातेल्यात राजमा होता. तळाशी, लहानखुरा, चकचकीत, कोरडा ठणठणीत. तिचा हात पातेल्याला लागला तसा तो खुळखुळला.

भिंगरीने टाचा उंचावून आत डोकावलं.

"आई," ती हलक्या आवाजात म्हणाली, "पाणी?"

आणि मग तिला आठवलं. राजमा ओतला होता, हे बरोबर. मग ती पाण्याचा तांब्या घ्यायला वळली होती आणि नेमक्या त्याच क्षणी न्हाणीघरातून ती हाक आली होती, जी ऐकली की जगातली कुठलीही आई हातातलं काम टाकून धावते. "आईऽऽ, झाऽऽली!" धुऊन, पुसून, चड्डी चढवून, हात धुऊन ती परत आली होती आणि पुढचं काम केलं होतं. पुढचं म्हणजे, तिच्या समजुतीने, झाकण.

ती मटकन स्टुलावर बसली.

"एका अर्थी बरंच झालं," आजी खाकरून म्हणाली. "एवढे तरी परत पोत्यात जातील."

आजोबांना हसू आवरेना. त्यांनी ते खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला, तर दुरुस्त करून आणलेली कवळी सटकली. ती त्यांनी हवेतच झेलली. पण भिंगरीची आई हसली नाही. तिने गळ्यातला एप्रन काढला, घडी केली आणि आजीच्या मांडीवर ठेवला.

"तुमचंच बरोबर होतं," ती म्हणाली. "उगीच तोंड वर करून बोलले. लावा उद्यापासून डबा."

आता मात्र खोलीतली हवाच बदलली. आजोबांनी कवळी घाईघाईने बसवली, कारण पुढचं वाक्य त्यांना दातांसकट म्हणायचं होतं.

"मी डबा खाणार नाही."

"पण आजोबा, आजींनी शब्द..."

"अगं पोरी, मग मी पहाटेपर्यंत जागा कशासाठी होतो? तुझा राजमा फुगला नसेल तर गुपचूप माझा ओतायचा, म्हणून. त्या बाईंचा डबा मी एकदा खाल्लाय. त्यातलं गाजर कोणतं आणि बटाटा कोणता हे मी डोळे मिटून सांगू शकलो नाही, आणि उघडूनही सांगू शकलो नाही! पण तू पहाटेच उठून इथे चहा घेत बसलीस. तुझा चहाच संपेना. वाट बघता बघता माझा डोळा लागला."

"मीपण त्याच्यासाठीच," नवरा एक पाय मोज्यात, एक उघडा, असा उभा राहून म्हणाला. "मला वाटलं, तू अंघोळीला गेलीस की अदलाबदल करू. तुला कळलंही नसतं."

सगळ्यांनी आजीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? मी शब्द फिरवत नसते," आजी एप्रनच्या नाड्यांशी चाळा करत म्हणाली. "मी काय म्हटलं होतं? राजमा मऊ झाला तर ठीक, एवढंच. तो कोणी भिजवायचा याबद्दल मी अवाक्षरही काढलं नव्हतं." मग तिने एप्रन सुनेच्या अंगावर भिरकावला. "घे. इथे मी आयुष्यभर चुलीशी उभी राहिले, कोणी एकदा वाटी पुसून खाल्ली नाही. यांनी तुझी खाल्ली. मी बघितलंय सगळं. आता रडत बसणार आहेस की हा डोंगर शिजवणार आहेस? नाही तर दुपारपर्यंत त्याला मोड येतील आणि संध्याकाळपर्यंत घराचं जंगल होईल."

भिंगरीच्या आईने डोळे पुसले, एप्रन बांधला आणि गोळा झालेल्या भांड्यांकडे एकवार पाहिलं. चषक, कुकर, पंचवीस माणसांचं पातेलं. बूट तिने हिशेबात धरला नाही. मग तिच्या अंगात दुकानातली ती शिरली.

"आजी, कांदे. बारीक, आणि बोलत बोलत नाही, बघून चिरायचे. आजोबा, टोमॅटो. पहिलं पाणी सगळं ओतून टाका, ताजं घ्या. आणि खळखळून उकळी आल्याशिवाय कोणी चव बघायची नाही, कच्चा राजमा पोटाला बाधतो. तू जा आधी, तो सोफा सोडवून ये. येताना लसूण आण."

"लसूण," नवरा म्हणाला. "आठवणीने आणतो." आणि जीभ चावून, चपला अडकवून पळाला.

त्या सकाळी त्या घरात जे झालं त्याला स्वयंपाक म्हणायचं की मोहीम, देव जाणे. दोन शेगड्यांवर पाळीपाळीने भांडी चढत होती, उतरत होती. आजी खुर्चीवरून ओटा ते टेबल अशा फेऱ्या मारत होती आणि वळणावर "बाजू, बाजू!" ओरडत होती. कांद्याने सगळे ओक्साबोक्शी रडत होते, त्यामुळे कोण खरं रडतंय आणि कोण कांद्याचं, हा प्रश्नच मिटला. भिंगरीला वाटाण्याच्या शेंगा सोलायला दिल्या होत्या. ती एक वाटाणा वाटीत टाकत होती, एक तोंडात, आणि एक आजोबांच्या कानात घालता येतो का ते बघत होती.

खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींना एक पातेली गेली. समोरच्या केशकर्तनवाल्या काकांना दुसरी गेली. "आज काय विशेष?" काकांनी विचारलं, तर आजी म्हणाली, "काही नाही, घरात सगळ्यांची स्मरणशक्ती फार चांगली आहे, त्याचा हा परिणाम."

दुपारी सगळे टेबलाभोवती बसले. वाफाळता भात, लालभडक दाट रस्सा, वर हिरवे वाटाणे, बाजूला भाजलेल्या भोपळ्याच्या फोडी आणि लिंबू. भिंगरीच्या आईने वाढलं आणि ती बसलीच नाही. डाव हातात धरून ती उभी राहिली. सगळ्यांनी चमचे उचलले, पण कोणी तोंडात घालेना. नजरा आजोबांकडे होत्या. त्यांच्या नव्या दाताची आज पहिली परीक्षा होती.

आजोबांनी एकच दाणा घेतला. तो ओठांत धरला. डोळे मिटले. जबडा एकदा खाली, एकदा वर.

कसलाच आवाज आला नाही.

"काय झालं?" आजीने घाबरून विचारलं. "तुटला?"

"गेला," आजोबा डोळे न उघडता म्हणाले. "चावायच्या आधीच गेला. लोण्यासारखा." मग एक डोळा उघडून, "लोणी झाडाला लागत असतं, तर असंच लागलं असतं."

मग नुसते चमचे बोलत होते. नवऱ्याने तिसऱ्यांदा भात घेतला. आजीने काही म्हटलं नाही, पण वाटी संपल्यावर तिने इकडे तिकडे पाहिलं, कोणाचं लक्ष नाही असं बघून तर्जनी आत घातली आणि वाटी काठापासून तळापर्यंत फिरवून लख्ख केली. भिंगरीच्या आईने ते पाहिलं आणि चटकन खिडकीबाहेर बघायला लागली, जणू तिकडे काही फार महत्त्वाचं चाललंय.

"मग आजी," नवऱ्याने मुद्दाम विचारलं, "त्या डब्याचं काय ठरलं? उद्यापासून म्हणत होतीस ना?"

"डबा?" आजीने बोट पदराला पुसलं. "कसला डबा? मला नाही बाई काही आठवत."

जेवणं आटोपली. आजोबा पोटावर हात ठेवून खुर्चीतच पेंगायला लागले. बुटातला राजमा वाया जाऊ नये म्हणून आई आणि भिंगरी फुटक्या कुंडीपाशी बसल्या. आई बोटाने मातीत खळगा करायची, भिंगरी त्यात एकेक दाणा ठेवून वर माती लोटायची. प्रत्येक दाण्याला ती "झोप आता" म्हणत होती. बाबांच्या पायाखाली चेंगरलेल्यांना तिने दोनदा म्हटलं.

"भिंगरे," आई तिच्या केसांतला वाटाणा काढत म्हणाली, "काल तू एवढी छोटीशी, एवढ्या उशिरापर्यंत जागी राहिलीस? फक्त माझ्या राजम्यासाठी?"

"हो. मी डोळे असे असे मोठे करून ठेवले होते. मग सगळे दिवे बंद झाले, मग मी आले. मला बरोब्बर लक्षात होतं." भिंगरीने छाती पुढे काढली. अख्ख्या घरात एवढं मोठं काम फक्त तिलाच सोपवलेलं असावं, असा तिचा चेहरा होता. "आणि पाणीपण घातलं मी. बुटातून थोडं सांडलं, पण घातलं."

आईने मातीच्या हातांनीच लेकीला जवळ ओढलं. "शहाणं माझं बाळ ते. पण आता तुला असं जागावं नाही लागणार. आजपासून बघ, मी काही म्हणजे काही विसरणार नाही. अगदी शप्पथ."

भिंगरीच्या हातातला दाणा हातातच राहिला. ती आईच्या कुशीतून थोडी मागे सरकली आणि खालचा ओठ हळूहळू बाहेर आला.

"काहीच नाही विसरणार? कध्धीच?"

"कध्धीच."

भिंगरीने हातातल्या दाण्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

"मग मी काय लक्षात ठेवू?"